पिनकोड आधी विचारावा

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनात मुक्कामास असलेल्या पाहुण्याने ऑनलाइन दुकानातून वस्तू मागविली, तर ११०००१ हा पिनकोड तिला सहज पोहोचवितो. मेळघाटातील धारणीच्या ४४४७०२ चे तसे नाही. पिनकोडची कल्पना केंद्रीय संचार मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. सारख्या नावांच्या गावांत पत्रे भरकटू नयेत, हा तिचा हेतू. त्याच सहा आकड्यांवर आज कित्येक ग्राहक अडतात.

पाड्यावरचा ग्राहक वस्तू निवडतो, घर क्रमांक व रस्ता हे 'अनिवार्य' रकाने कसेबसे भरतो (पाड्याला रस्त्याचे नाव कुठले?) आणि शेवटच्या पायरीवर, तेही इंग्रजीत, नकार वाचतो. हा दोष दुर्गमतेचा नव्हे, मांडणीचा आहे. पिनकोड पहिल्याच पानावर विचारावा, उत्तर मराठीत द्यावे, ओळखीची खूण लिहिण्यास मोकळा रकाना ठेवावा. मार्च २०२२ पासून साध्या फोनवरूनही यूपीआयने भरणा करता येतो; खाजगी कुरिअर जात नसेल तेथे टपालाचा पर्याय द्यावा. चार दिवस अधिक लागतील, पण आठवडी बाजाराची वाट पाहणाऱ्या ग्राहकाला तेवढी सवय असते.