आराखडा आपला, हात मात्र परक्याचा!

'रचना भारतात झाली' हे वाक्य हल्ली मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. त्या अभिमानाला आमची हरकत नाही; परंतु मेम्स, अर्थात सूक्ष्म विद्युत-यांत्रिक साधनांच्या क्षेत्रात ते बहुधा अर्धसत्य असते. अर्धसत्यावर राष्ट्राचे स्वावलंबन उभे राहत नाही.

मोटारीतील एअरबॅगला धक्क्याची वर्दी देणारा संवेदक म्हणजे सिलिकॉनमध्ये कोरलेले, केसाहूनही बारीक अवयवांचे यंत्र. संगणकाच्या पडद्यावर त्यातील तुळई हवी तशी हलते. प्रत्यक्षात मात्र थरांतील ताणामुळे ती वाकते; खालचा थर आम्लाने विरघळवून वाळवताना तळाला चिकटून बसते. असे का घडले, हे घडवणाऱ्यालाच उमगते. परदेशातून नमुना करवून घेणाऱ्या संशोधकाच्या हाती केवळ चिप येते. ज्ञान तिकडेच राहते.

'बाहेरून करून घेणे स्वस्त पडते,' असे सांगणारे विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना १९९३ चे स्मरण करून द्यावे लागेल. क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान देण्याचा शब्द रशियाने अमेरिकेच्या दडपणाखाली फिरवला, तेव्हा पैसा मोजण्याची आपली तयारी होती. नव्हती ती विद्या. क्षेपणास्त्रांना दिशा देणारे अचूक त्वरणमापकही निर्यातबंधनांच्या यादीत आहेत, हे या विद्वानांना ठाऊक नाही काय?

आपल्याकडे काहीच नाही, असे नव्हे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी आपल्या प्रयोगशाळा बाहेरच्या संशोधकांनाही खुल्या केल्या. मुंबई आयआयटीतील सूक्ष्म तुळयांच्या संशोधनातूनच स्फोटके हुंगणारा 'नॅनोस्निफर' २०२१ मध्ये साकारला. पण नांदेड वा कराडच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याचे काय? अमेरिकेने १९९० च्या दशकाच्या आरंभीच अनेकांचे आराखडे एकाच चकतीवर घडवून खर्च वाटून घेणारी 'मम्प्स' योजना सुरू केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मोठे कारखाने अवश्य उभे राहावेत. परंतु ठरलेल्या तारखांना, परवडणाऱ्या दरात महाविद्यालयांचे नमुने घडवून देणारी व्यवस्था त्याहून कमी महत्त्वाची नाही. आणि फसलेला नमुना म्हणजे उधळपट्टी, ही हिशेबनिसांची दृष्टीही बदलली पाहिजे.

दिल्लीच्या लोहस्तंभाचे गोडवे आपण आवडीने गातो. तो स्तंभ आपल्या भट्टीत, आपल्या लोहारांच्या हातून घडला होता. त्या वारशाचे नाव घ्यायचे, तर आधी भट्टी पेटवली पाहिजे!