लायन्स हरले, पण कॅम्पबेल चुकला नाही

मंडळी, डेट्रॉइट लायन्सवर हसणं सोपंय. शेवटचं विजेतेपद १९५७ चं. २००८ मध्ये तर सोळाच्या सोळा सामने हरले. (तरी फॅन टिकून आहेत, कमाल आहे!) याच टीमने जानेवारी २०२४ मध्ये तब्बल ३२ वर्षांनी प्लेऑफचा सामना जिंकला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध, त्यांच्याच मैदानात, हाफटाइमला २४-७ आघाडी! मग कोच डॅन कॅम्पबेलने दोनदा फील्ड गोलचे तीन पॉइंट सोडून चौथ्या डाउनला जुगार खेळला. दोन्ही वेळा फसला. ३४-३१ ने हरले. तेव्हापासून जो तो त्याला अक्कल शिकवतोय. अहो, याच बेधडकपणावर टीम तिथवर पोचली ना? आणि पहिल्या वेळी पास बरोबर हातात आला होता, रेनॉल्ड्सकडून सुटला. तो काय कोचने सोडला?