घर, पुस्तक आणि लोकरीचा गुंडा



निवृत्तीनंतर माणसाला वेळच वेळ मिळतो, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. ज्यांना अजून निवृत्त व्हायचे आहे, त्यांचाच तो प्रामुख्याने असतो. साठी ओलांडलेल्या ज्या व्यक्ती माझ्याकडे तपासणीसाठी येतात, त्यांच्या दिवसाचा हिशेब मांडला तर तो नोकरीच्या काळाइतकाच भरलेला दिसतो. ऐन उमेदीत राहून गेलेले पदव्युत्तर शिक्षण पुरे करावे म्हणून कुणी मुक्त विद्यापीठात नाव घातलेले असते. हातात नातवंडासाठी घातलेला स्वेटर किंवा क्रोशाचे तोरण असते. आणि फंडाच्या पैशांतून घेतलेले, अथवा पतीच्या मागे एकटीच्या नावावर आलेले घर असते. पहिल्या दोन गोष्टी आपण होऊन, हौसेने अंगावर घेतलेल्या. तिसरी मात्र दर दोन-चार महिन्यांनी काहीतरी नवे पुढ्यात आणून टाकते.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका त्रेसष्ट वर्षांच्या बाईंचे उदाहरण, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगते. निवृत्तीनंतर त्यांनी एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरची सदनिका घेतली आणि त्याच वर्षी मराठी विषयात एम.ए.साठी प्रवेश घेतला. विणकाम तर मुलीच्या जन्मापासून चालूच होते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बैठकीच्या छतावर ओलीचा डाग उमटला आणि आठवड्याभरात तो ठिबकू लागला. दोष गच्चीचा की टाकीच्या नळाचा, यावर सोसायटी, प्लंबर आणि गवंडी यांचे एकमत होईना. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. त्या आल्या होत्या उजव्या मनगटाच्या दुखण्यासाठी. पण रक्तदाब भरला १६८/९६. रात्री जागून वाचन, त्यासाठी दोन-तीनदा चहा, झोप जेमतेम पाच तास आणि धावपळीत रक्तदाबाची गोळी तीन दिवस राहून गेलेली. निघताना त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मुलं म्हणतात, या वयात परीक्षा कशाला? विणकामाने हात दुखतो, अभ्यासाने डोकं. दोन्ही बंदच करते. घर काही बंद करता येत नाही."

हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडांतून अनेकदा ऐकले आहे. भार वाढला की आपल्याकडच्या ज्येष्ठ व्यक्ती, त्यातही स्त्रिया, सर्वांत आधी स्वतःची गोष्ट खाली ठेवतात. घरचे त्याला काळजीपोटी दुजोराच देतात. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे की, आरोग्याच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. घराचे बहुतेक काम वाटून देता येते, पुढे ढकलता येते, पैसे देऊन करून घेता येते. आपल्या वाटचा अभ्यास आणि आपल्या बोटांचे विणकाम दुसऱ्या कुणाला करता येत नाही, आणि त्यांचा लाभही दुसऱ्या कुणाला होत नाही.

हा लाभ केवळ मनाच्या समाधानाचा नाही. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधक डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. साठ ते नव्वद या वयोगटातील व्यक्तींना त्यांनी तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, नवे कौशल्य शिकायला लावले. काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना आपल्या गोधडीच्या जातीचे शिवणकाम, काहींना दोन्ही. दुसऱ्या काही गटांनी तेवढाच काळ गप्पागोष्टी, सहली किंवा घरबसल्या करमणुकीत घालवला. नवे आणि कठीण काही शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती इतरांच्या तुलनेत सुधारलेली आढळली. डोक्याला ताण देणारे नवे शिक्षण मेंदूच्या कामी येते, असा त्याचा अर्थ. चाळीस वर्षे पाठ असलेला एकच नमुना विणत राहण्यापेक्षा अधूनमधून नवा नमुना घ्यावा, हे त्यातून ओघानेच येते.

'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी आणि बदलता येण्याजोगी चौदा कारणे दिली आहेत. उच्च रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणे, दृष्टी मंदावणे, नैराश्य आणि एकटेपणा ही त्यांतलीच. म्हणजे अभ्यास करताना रक्तदाबाची गोळी चुकत असेल, तर एका हाताने कमावलेले दुसऱ्या हाताने गमावले जाते. संपर्कवर्गाला जाणे, विणकामाच्या मैत्रिणींत बसणे, कानाचे यंत्र लावणे आणि वेळेवर चष्मा बदलणे ही सारी एकाच औषधाची अंगे समजावीत.

आता शरीराकडे वळू.

हात. अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखत असेल, तर अंगठा मुठीत धरून मनगट हलकेच करंगळीकडे झुकवून पाहावे. तीव्र कळ आली, तर अंगठ्याच्या स्नायुबंधांचे आवरण सुजले असण्याचा संभव असतो. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हँ यांनी १८९५ साली वर्णिलेला हा विकार विणणाऱ्यांत, लिहिणाऱ्यांत आणि पिळे घालून कपडे धुणाऱ्यांतही दिसतो. रात्री अंगठा आणि त्यालगतच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दबत असू शकते. मधुमेह आणि थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी तिकडे विशेष लक्ष द्यावे. दोन्हींत उपाय आहेत: काही आठवडे आधारपट्टा, व्यायाम, क्वचित इंजेक्शन. तोवर जाड, हलक्या सुया घ्याव्यात, विणीचा भार हातांवर न ठेवता मांडीवर टेकवावा आणि वीस मिनिटांनंतर हात मोकळे करावेत. दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून खाऊ नयेत. त्यांतील अनेक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर भार येतो.

डोळे. विशीच्या मानाने साठीत डोळ्याच्या पडद्यावर सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. काळ्या लोकरीचे टाके रात्री दिसत नाहीत किंवा पुस्तकातील अक्षरे पुसट वाटतात, यात आळस किंवा अनास्था नसते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी दिवा डाव्या खांद्याच्या बाजूने येईल असा ठेवावा. वाचताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर पाहावे. चष्म्याचा नंबर वर्षातून एकदा तपासावा आणि त्याच वेळी मोतीबिंदू व काचबिंदूचीही तपासणी करून घ्यावी.

बैठक. वाचन आणि विणकाम, दोन्ही बसून होणारी कामे. दर अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात चार पावले टाकावीत. पाय सुजत असतील तर ती दीर्घकाळ बसण्याची सूज असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणाम असेल. गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. आठवड्यातून दीडशे मिनिटे जलद चालणे आणि तीन दिवस तोल सावरण्याचे व्यायाम यांना अभ्यासाच्या वेळापत्रकातच जागा द्यावी.

परीक्षेचा दिवस. स्वच्छतागृहाला जावे लागेल या भीतीने पुष्कळजण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उठताना भोवळ, दोन्ही संभवतात. थोडे थोडे पाणी प्यावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी परीक्षेला बसू नये; जवळ साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि पर्यवेक्षकांना आधी सांगून ठेवावे. आदल्या रात्रीचे जागरण तर टाळावेच, कारण वाचलेले मनात रुजते ते झोपेतच.

घराचे मात्र वेगळे आहे. तिथे शरीराला होणारी इजा अचानक होते. दिवा बदलण्यासाठी किंवा ओलीचा डाग जवळून पाहण्यासाठी स्टुलावर चढणे, हे पासष्टीनंतर सर्वस्वी वर्ज्य समजावे. मान वर करताच काहींना कानातील दोषामुळे चक्कर येते, आणि त्यातून मोडलेला खुबा महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवतो. ओल्या भिंतीवरील विजेच्या बटणांना हात लावू नये. मेन स्विच वारंवार पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा चढवण्याऐवजी वायरमन बोलवावा. दमा असणाऱ्यांनी बुरशी धरलेल्या खोलीत झोपू नये. गॅस गीझर बंदिस्त न्हाणीघरात असल्यास वायुवीजनाची सोय आधी करावी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. गळतीखाली ठेवलेल्या बादल्या आणि टाक्या आठवड्यातून एक दिवस रिकाम्या करून, घासून कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो.

आता त्या बाईंचे काय झाले, ते सांगते. आम्ही प्रथम गोळीची वेळ सकाळच्या चहाशी बांधून टाकली आणि संध्याकाळनंतरचा चहा थांबवला. मनगटाला तीन आठवडे पट्टा बांधला. तेवढ्या काळात विणकाम बंद न करता त्यांनी रोज पंधरा मिनिटांवर आणले. गळतीचा पाठपुरावा पुण्याच्या मुलाकडे गेला. फोन, अंदाजपत्रक, सोसायटीला पत्र, हे सारे त्याने तिकडूनच केले. घराच्या सर्व तक्रारी एका वहीत लिहायच्या आणि त्यांचा विचार शनिवारीच करायचा, असा नियम त्यांनी स्वतः केला. चारपैकी दोन पेपर त्या वेळी दिले, दोन पुढच्या सत्रासाठी ठेवले. गच्चीचे काम पावसाळा संपल्यावरच झाले. तोवर छत गळत राहिले आणि खाली बादली राहिली. रक्तदाब मात्र महिन्याभरात आटोक्यात आला.

घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्या वाचकांशी आता दोन शब्द. "आता आराम कर," हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते; परंतु ऐकणाऱ्याला त्यातून आपली गरज संपल्याचा निरोप पोचू शकतो. आईला परीक्षा सोडायला सांगण्यापूर्वी तिच्या हातातील वीजबिल, मालमत्ता कर आणि प्लंबरचा फोन आपण घ्यावा. मात्र विचारून घ्यावा. घराचे निर्णय परस्पर होऊ लागले, तर तेही तिला दुखावणारेच ठरते.

पुस्तक, सुई आणि घराचा हिशेब यांतून प्रकृतीतील बदल लवकर लक्षात येतात, हेही ध्यानी ठेवावे. नाव पटकन न आठवणे किंवा वाचलेले पान पुन्हा वाचावे लागणे, हे वयाप्रमाणे होते. परंतु आयुष्यभर सहज विणलेला नमुना मध्येच उलगडेनासा होणे, एकच बिल दोनदा भरणे, कारागिराशी कालच झालेले बोलणे पूर्ण पुसले जाणे, असे वारंवार होऊ लागले तर स्मृतीची तपासणी करून घ्यावी. त्यामागे थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा एखादे औषध अशी बरी होणारी कारणेही असू शकतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ सुया जागच्या जागी पडून असतील, पुस्तक उघडले जात नसेल आणि भूक व झोप बिघडली असेल, तर तो कंटाळा नसून नैराश्य असू शकते, आणि त्यावर उत्तम उपचार आहेत. आणि सुई एकाच हातातून अचानक गळून पडली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर मालिश करत किंवा वाट पाहत बसू नये. अर्धांगवायूत रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे.

येत्या पंधरवड्यासाठी एवढेच करावे. एक वही घ्यावी आणि घराच्या सर्व कुरबुरी तिच्यात लिहाव्यात. प्रत्येक कामापुढे ते कुणाला देता येईल, त्याचे नाव लिहावे. विजेचे, गॅसचे आणि घसरून पडण्याच्या धोक्याचे काम सर्वांत वर. मग दिवसातील जो तास आपले डोके सर्वाधिक ताजे असते, तो अभ्यासासाठी राखून ठेवावा आणि घरातल्या सर्वांना तो सांगून ठेवावा. पुढच्या तपासणीला येताना आपल्या डॉक्टरांना औषधांच्या यादीबरोबर हेही सांगावे की, आपण काय शिकत आहात आणि सध्या सुयांवर काय आहे. आम्हा डॉक्टरांना त्यातून आपल्या प्रकृतीविषयी पुष्कळ कळते.