गोळी बंद करणारे शहाणे

मधुमेहाच्या रोग्याची साखर ताळ्यावर आली म्हणून त्याची गोळी उकिरड्यावर फेकणारा शहाणा मला अजून भेटायचा आहे. छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या रोग्याची गोळी फेकायला लावणारे शहाणे मात्र आमच्या वाशीम जिल्ह्यात, रिसोडपासून कारंजापर्यंत, पैशाला पासरी आहेत! दिवाळीत तर त्यांना भलताच जोर चढतो. भाचा नीट बोलताना दिसला की मामा फर्मावतात, "चांगला तर आहे! कशाला विष चारता पोराला?"

अहो मामा, तो चांगला आहे तो त्या गोळीमुळेच! १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन या रोगावर वापरात आले. तोवर जगभर कोठडी हाच मुख्य उपाय होता. गोळी अचानक तोडली, की काही आठवड्यांनी नाही तर महिन्यांनी कानांत ते आवाज पुन्हा घुमू लागतात. तोवर मामा आपल्या गावी सुखाने झोपलेले असतात. रात्री जागते ती आई! मग देवऋषी येतो, दोरखंड येतो. तामिळनाडूत एरवाडीला २००१ साली आग लागली, तेव्हा २८ मनोरुग्ण जळून मेले. पळणार कसे? पायांत साखळ्या होत्या. २०१७ च्या कायद्याने रोग्याला साखळीने बांधणे निषिद्ध ठरवले. पण कायदा घरात येऊन गोळी देत नाही.

गोळी निर्धोक आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. काही गोळ्यांनी अंग आखडते, काहींनी वजन आणि साखर वाढते. क्लोझापिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात. फिनलंडमध्ये १९७५ साली त्यापायी माणसे दगावली. म्हणून ते घेताना पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचे. ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. दोन दिवसांहून अधिक खंड पडला, तर जुनी मात्रा आपल्या मनाने सुरू करायची नाही. बिडी सोडली तरी डॉक्टरांना सांगायचे, कारण त्याने रक्तातले औषध वाढते. या साऱ्याचा अर्थ 'डॉक्टरांना विचारा' असा होतो. 'मामांना विचारा' असा नव्हे!

नागपूरचे मनोरुग्णालय आम्हांला लांब पडते, हे खरे. पण 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून फुकट लागतो. तेव्हा पाहुण्यांना चकली वाढा, अनरसे वाढा. गोळ्यांच्या डबीला मात्र हात लावू देऊ नका.