सांजांव : विहीर आपली, वारसा पोर्तुगिजांचा?

जून उजाडला की गोव्याच्या पर्यटनाच्या जाहिरातींत एक छायाचित्र हमखास झळकते. डोक्यावर पानाफुलांचा मुकुट, हातात फेणीचा पेला, मागे एखाद्या हॉटेलचा जलतरण तलाव. आणि खाली ‘पोर्तुगीज वारशा’चा गौरव! २४ जूनच्या सांजांव सणाची आपल्याला एवढीच ओळख असते. आपल्यातीलही काही मंडळी तीच खरी मानून ‘त्यांचा दारूचा सण’ म्हणत नाक मुरडतात. दोन्ही दृष्टी सारख्याच अज्ञानमूलक आहेत.

हा दिवस बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या जन्माचा. लूकच्या शुभवर्तमानानुसार, येशूच्या जन्माची वार्ता मरियेला मिळाली तेव्हा तिची नातलग एलिझाबेथ सहा महिन्यांची गर्भवती होती. मरियेने घरी येऊन अभिवादन करताच एलिझाबेथच्या उदरातील बाळाने आनंदाने उडी मारली. म्हणून नाताळाच्या सहा महिने आधी हा जन्मोत्सव. रोमन परंपरेत दक्षिणायनारंभही याच दिवशी मानला जाई, हे विशेष.

युरोपातील सामान्य माणसाने या रात्री विस्तव पेटवले, नाच केले, उड्या मारल्या. सातव्या शतकातील बिशप एलिजियस यांच्या चरित्रात तर योहानाच्या सणाला असले नाच आणि उड्या करू नयेत, अशी तंबी आढळते. लोकांनी ऐकले नाही. शेवटी विस्तवालाच संताचे नाव मिळाले. पोर्तुगालमधील पोर्तो शहरात आजही या रात्री लोक विस्तवावरून उड्या मारतात, लसणाच्या फुलोऱ्याने (आता प्लास्टिकच्या हातोड्यांनीही) एकमेकांच्या डोक्यावर टपल्या मारतात आणि बारीक पानांच्या सब्जाची कुंडी प्रेमाने भेट देतात. ही वनस्पती म्हणजे आपल्या तुळशीची चुलत बहीणच!

आता गोव्याकडे या. इथे १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचा अंमल होता. त्याचे १७३६ चे फर्मान अनंत काकबा प्रियोळकरांनी आपल्या ग्रंथात अभ्यासकांपुढे ठेवले आहे. त्यात घरादारांतील, कुंपणांतील तुळशी उपटून टाकण्याची आज्ञा आहे. स्वदेशी जी कुंडी कौतुकाची, तिचीच बहीण गोमंतकीयाच्या अंगणात अपराध ठरली! आपल्या शेतकऱ्याच्या विस्तवाला दाखवलेली उदारता इथल्या अंगणाच्या वाट्याला का आली नाही? ‘पोर्तुगीज संस्कृतीच्या सहिष्णुते’चे गोडवे गाणाऱ्या विद्वानांनी याचे उत्तर द्यावे. आजच्या ख्रिस्ती बांधवांना याचा जाब विचारण्याचे मात्र कारण नाही. त्या फर्मानाचा काच त्यांच्याच पूर्वजांनी सोसला. धर्मांतरानंतरही जुने रीतिरिवाज पाळतात, हाच त्यांच्यावरील आरोप होता.

आणि तरीही रीत टिकली. गोव्याचा सांजांव विस्तवाचा नाही, पाण्याचा आहे. मृगाच्या पावसाने विहिरी भरलेल्या असतात. त्यांत उडी घ्यायची. विहीर म्हणजे एलिझाबेथचे उदर, उडी म्हणजे त्या बाळाचा आनंद, असा अर्थ सांगतात. किती सुंदर प्रतीक! डोक्यावर वेलीफुलांचे ‘कोपेल’, हातात घुमट. तेच घुमट, जे गोव्यात गणपतीच्या आरतीला घुमते. नवा जावई या दिवशी सासुरवाडीला येतो आणि त्याचे कोडकौतुक होते. अधिक मासात जावयाला अनारसे वाढणाऱ्या आपल्या घरांना हे परके वाटावे काय? शिवोलीत या दिवशी होड्या एकत्र बांधून सजवलेल्या ‘सांगोडां’ची मिरवणूक निघते, कुंभारजुव्यात असाच सांगोड गणेशविसर्जनाला निघतो. हा शब्द लिस्बनच्या कोशात शोधू नये. मराठीतील ‘सांगड’ पाहावी.

पर्यटन व्यवसायाने सांजांवची जाहिरात खुशाल करावी. फक्त ‘पोर्तुगीज’ हा शब्द खोडावा, जलतरण तलावाच्या जागी गावातली विहीर दाखवावी आणि लोक तिच्यात उडी का घेतात, ते दोन ओळींत छापावे.