अतिथी, मालक आणि संप

धुळ्याहून शिरपूरच्या दिशेने निघालेला प्रवासी सोनगीरला पोहोचला म्हणजे त्याला तेथील जुना किल्ला आठवतो, तेथील तांब्यापितळेची भांडी आठवतात, आणि भूक लागली असेल तर शेवभाजीही आठवते. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अशा गावांचे अर्थकारण वाटसरूच्या पोटाशी बांधलेले आहे. रात्री-बेरात्री येणारा मालमोटारीचा चालक, मुलाबाळांसह इंदूरकडे जाणारे कुटुंब, फिरतीवरचा विक्रेता या साऱ्यांना तेथे गरम भाकरी मिळते. ती भाकरी थापणारा, ताटे उचलणारा, टेबल पुसणारा आणि भांडी घासणारा माणूस मात्र त्यांच्यापैकी कोणाच्या सहसा लक्षात राहत नाही. एखाद्या सकाळी त्याने काम बंद ठेवले, तरच त्याचे अस्तित्व सर्वांना एकदम जाणवते.

अशा सकाळी मालकाने काय करावे? हा प्रश्न केवळ हॉटेलवाल्यांचा आहे असे आमच्या वाचकांनी समजू नये. २०२१ च्या हिवाळ्यात एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्यास सांगेपर्यंत तो रेंगाळला. त्या काळात खानदेशातील विद्यार्थी, रुग्ण आणि बाजारकरी यांचे जे हाल झाले, त्यावरून संपाची झळ भांडणाऱ्या दोन पक्षांपुरती राहत नाही हे आपण पाहिलेच आहे. हॉटेलच्या संपात तिसरा पक्ष म्हणजे अतिथी. आणि अतिथीचे नाव पुढे करून मालक पुष्कळदा आपला हट्ट पुरा करून घेतो, हेही तितकेच खरे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अंमलात आली. तिच्यापूर्वीच्या १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात संपाच्या पूर्वसूचनेचे बंधन मुख्यतः लोकोपयोगी सेवांपुरते होते; नव्या संहितेने ते सर्वच उद्योगांना लागू केले. हॉटेलातील कामगारांनाही आता संपापूर्वी चौदा दिवसांची सूचना दिली पाहिजे. निम्म्या वा अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संपच मानला जातो. कामगारांवरचे हे ओझे लहान नाही. परंतु याच कायद्याची दुसरी बाजू मालकवर्गाच्या फारशी बोलण्यात येत नाही. जो संप बेकायदेशीर नाही त्या संपाच्या काळात नवे कामगार भरणे ही अनुचित प्रथा होय, असे १९८२ च्या दुरुस्तीने जुन्या कायद्यात जोडलेल्या परिशिष्टात नमूद होते आणि नव्या संहितेनेही ते कायम ठेवले आहे. म्हणजे ‘हे गेले तर दुसरे आणू’ हा जो सर्वांत सोपा उपाय मालकाला सुचतो, तोच कायद्याने निषिद्ध ठरविला आहे.

असे का असावे? अमेरिकेतील लास व्हेगास शहरातील फ्रंटियर हॉटेलचा इतिहास याचे उत्तर देतो. तेथे २१ सप्टेंबर १९९१ रोजी सुमारे साडेपाचशे कामगार संपावर गेले. मालकांनी बदली माणसे आणून हॉटेल चालू ठेवले. संप एक वर्ष चालला, दोन वर्षे चालला, सहा वर्षांहून अधिक काळ चालला. पण संपकऱ्यांपैकी एकही जण रांग मोडून आत गेला नाही. अखेर १९९८ साली मालकांनी ते हॉटेल विकून टाकले आणि नव्या मालकाने संघटनेशी करार करून तो संप मिटविला. दार उघडे राहिले म्हणजे धंदा टिकला असे नव्हे, हा याचा अर्थ. आदरातिथ्याचा धंदा भिंतींवर किंवा भांड्यांवर चालत नाही. गिऱ्हाइकाची आवड ओळखणाऱ्या आचाऱ्यावर आणि ‘आणखी काय आणू?’ असे विचारणाऱ्या वाढप्यावर तो चालतो. तीच माणसे दाराबाहेर उभी असताना आत बसलेल्या पाहुण्याला घास गोड कसा लागावा?

येथे कोणी म्हणेल की, लास व्हेगास कोठे आणि सोनगीर कोठे! आमच्याकडे कधी संप होतच नाही. हे म्हणणे खरे आहे, पण त्यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. महामार्गावरच्या लहान हॉटेलातला नोकर पुष्कळदा तेथेच जेवतो आणि तेथेच झोपतो. त्याने काम सोडले तर पगाराबरोबर त्याचे अंथरूणही जाते. त्याचे गाव दूर, त्याची संघटना नाही, आणि त्याची उचल मालकाच्या वहीत मांडलेली. अशा स्थितीत तो संप करीत नाही. एके रात्री गठडी उचलून चालू लागतो. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने अशा माणसाला कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी दिली होती. २०१७ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून वगळले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी महामार्गावरच्या वाढप्याला ती मागावी लागावी, हे आपल्या प्रगतीचे लक्षण खास नव्हे.

मग मालकाने मुकाट्याने कुलूप लावावे काय? आमचे मत तसे नाही. स्वतःच्या, कुटुंबियांच्या आणि संपात सामील नसलेल्या माणसांच्या हातांनी जेवढे होईल तेवढे काम चालू ठेवण्याचा त्याला अधिकार आहे. मात्र ते त्याने प्रामाणिकपणे करावे. चौदा दिवसांची मुदत कायद्याने बोलणी करण्यासाठी दिली आहे, माणसे हेरण्यासाठी नव्हे. ती त्याने त्याच कामी लावावी. ठरलेल्या लग्नपंगतींच्या यजमानांना वेळीच कळवावे आणि आगाऊ रक्कम परत मागणाऱ्यास ती द्यावी. नवी मागणी स्वीकारू नये. पंधरा पदार्थांऐवजी पिठले-भाकरी आणि वरण-भात एवढेच करावे, अर्धी टेबले मिटवावीत, आणि याचे कारण पाहुण्याला उघडपणे सांगावे. अननुभवी हातांनी मोठ्या चुली पेटवून अपघाताला निमंत्रण देऊ नये. मुख्य म्हणजे संपापूर्वी केलेल्या कामाचा पगार रोखू नये, आणि हॉटेलातच राहणाऱ्या कामगाराचे अंथरूण रस्त्यावर फेकू नये. भांडण कामाच्या अटींचे आहे. ते माणसाच्या निवाऱ्यापर्यंत नेणे हा सूड होय.

कामगारांचेही कर्तव्य आहे. उतरलेल्या आजारी वा वृद्ध पाहुण्याला पाणी आणि औषध मिळू नये असा संप लोकांची सहानुभूती गमावतो. आत जाणाऱ्याला हात जोडून विनविता येते. त्याला अडविणे वा शिवीगाळ करणे शोभत नाही. नासणारे दूध आणि शिजलेले अन्न फेकून देऊन कोणाचाही पगार वाढत नाही. गल्ल्यावरच्या मालकाशी वैर असले तरी पानावर बसलेल्याशी वैर नाही, हे संपकऱ्यांनी वागणुकीतून दाखविले, तर गाव त्यांच्या बाजूने उभे राहील.

मालकावाचून हे काम चालतच नाही असाही कोणी समज करून घेऊ नये. १९५० नंतरच्या दशकात कॉफी मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करण्याचे ठरविले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामावरून निघालेल्या कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था उभारल्या आणि इंडियन कॉफी हाऊस स्वतः चालविले. ज्यांना केवळ पेले उचलणारे समजले जात होते त्यांनी संस्था चालवून दाखविली. ज्याच्या अंगी एवढी शक्ती आहे त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलण्यात मालकाचा कमीपणा कसला?

तात्पर्य, संपाच्या दिवशी धंदा कसा चालवावा या प्रश्नाचे उत्तर संपाच्या आधीच्या दिवसांत आहे. ज्या हॉटेलात पगार तारखेला मिळतो, आठवड्याची सुट्टी ठरलेली असते आणि तक्रार ऐकून घेणारा कोणी असतो, तेथे चौदा दिवसांची सूचना आली तरी तिचा शेवट पंधराव्या दिवशी संपात होण्याचे कारण क्वचितच उरते. आणि आम्ही, जे त्या टेबलांवर जेवतो, त्यांचाही यात वाटा आहे. बिलातले चार रुपये वाचले म्हणून आनंदणाऱ्याने ते कोणाच्या झोपेतून वाचले, एवढे एकदा विचारावे.