मधला मार्ग कुणाच्या सोयीचा?



समलिंगी विवाहाचा विषय निघाला की आपल्या बैठकांतही एक समजूतदार सूर लागतो : "त्यांनी सुखाने एकत्र राहावं, कुणी त्रास देऊ नये, पण त्याला लग्न कशाला म्हणायचं?" हे मत मवाळ मानले जाते. मला विचारायचे आहे, की हा मध्य ठरवला कुणी?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले. त्याआधी 'तुरुंगात टाकू नका' एवढी मागणीही अनेकांना जहाल वाटे. आज मवाळ मताची सुरुवातच तिथून होते. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात, विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. निदान सहजीवनाला तरी कायदेशीर दर्जा द्यावा, हा मधला मार्गही ३ विरुद्ध २ मतांनी नाकारला गेला.

२०२४ साली केंद्र सरकारने स्पष्ट केले, की असे जोडीदार संयुक्त बँक खाते उघडू शकतात, एकमेकांना नॉमिनी नेमू शकतात. चांगले झाले. पण नॉमिनी पैशाची केवळ राखणदार. मृत्युपत्र नसेल तर हक्क सांगायला भाऊ-पुतणे येतात आणि वीस वर्षे एका चुलीवर जेवलेली बाई परकी ठरते.

हिंदू कोड बिलाच्या वेळीही 'समाज तयार नाही, बेताने घ्या' असेच सांगितले गेले. १९५१ साली डॉ. आंबेडकरांनी राजीनामा दिला. १९५५-५६ मध्ये बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देशभर मिळायला २००५ साल उजाडले. त्या बेताने घेण्याची किंमत बायकांनी मोजली.

विवाहसंस्थेवर आपली टीका आहे, ती राहावीच. पण लग्न नाकारण्याची मोकळीकही ज्यांना ते करता येते त्यांनाच असते.

म्हणून कुठलेही मत ऐकताना मी चार प्रश्न विचारते. जोडीदारीण इस्पितळात असेल तर सही कुणाची? राहते घर कुणाचे? वारस कोण? आणि घरच्यांनी बळजबरीने तिचे लग्न लावू घातले, तर पोलीस चौकीत तिच्या बाजूने कोण उभे राहणार? यांची उत्तरे टाळणाऱ्या मताला मी मवाळ म्हणणार नाही. पुढच्या बैठकीत हेच चार प्रश्न घेऊन बसू या.